नदी मेली की आटली?

परशुराम साळवींच्या हातून अनुस्वार निसटत नाही, ही गोष्ट ठाण्याच्या नौपाड्यापासून डोंबिवलीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत सर्वांना ठाऊक होती; कारण ती सर्वांना स्वतः साळवीच सांगत असत. नौपाड्यातल्या एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. लग्नपत्रिका असो, पतपेढीचा अहवाल असो की श्रद्धांजलीचा मजकूर, त्यांच्या मेजावरून गेलेला कागद आंघोळ करून, गंध लावून बाहेर पडे. जुन्या, घोटीव गद्याचे ते एकनिष्ठ उपासक. वाक्याला कर्ता असावा, कर्म असावे, क्रियापदाने शेवटी येऊन दार लावून घ्यावे. आणि मध्ये एखादा अर्धविराम योग्य जागी भेटला, तर साळवींना श्रीखंड खाल्ल्याचे समाधान होई. अशा माणसाच्या घरात, ब्याण्णव सालच्या मार्चात, त्याच्या नववीतल्या मुलीच्या उशीखाली 'टाकीवरचा पहारा' सापडावे, हा नियतीचा निव्वळ खोडसाळपणा होता.

पुस्तक वाचनालयाचे होते. मुखपृष्ठावर तडे गेलेली जमीन, मागे पडक्या इमारती आणि पुढे हातात लोखंडी गज घेतलेली एक पोरगी. कथा अशी, की एका शहराची नदी नाहीशी होते, मोठी माणसे पाण्यासाठी एकमेकांच्या उरावर बसतात, आणि अखेरीस शाळकरी मुलेच शेवटच्या टाकीचा ताबा घेऊन शहराचा कारभार पाहू लागतात. असे एकूण तीन भाग. डोंबिवलीतली निम्मी नववी त्यासाठी वाचनालयात नाव नोंदवून बसली होती.

हे पुस्तक वाचण्याच्या लायकीचे नाही, हे सिद्ध करण्यासाठी साळवींनी ते एका बैठकीत, जेवण लांबवून, शेवटच्या पानापर्यंत वाचले आणि शुक्रवारी सकाळी चहाबरोबर ते मुलीवर घसरले.

"नदी मेली म्हणतो हा लेखक! नदी काय बैल आहे, मरायला? नदी आटते, शकुंतले. आटणे, अकर्मक क्रियापद."

घरात सर्व जण तिला शकू म्हणत. 'शकुंतला' हे नाव साळवी फक्त क्रोधासाठी राखून ठेवत.

"पण बाबा, गोष्टीत ती मेलीय असंच वाटतं," शकू म्हणाली.

'वाटतं' हा शब्द साळवींना चहात पडलेल्या माशीसारखा लागला. वाटण्यावर जग चालत नाही, इथून प्रारंभ करून त्यांनी भाषेचा ऱ्हास, वाचनालयाच्या चालकांचा हलगर्जीपणा आणि नव्या पिढीचे पोकळ डोके अशी लांबलचक प्रदक्षिणा घातली. ही असली पुस्तके पोरांना आवडतातच कशी, हे त्यांना समजत नव्हते. आणि जे त्यांना समजत नसे, त्याचा त्यांना संताप येई. अखेर ते मुद्द्यावर आले. भाषा एक वेळ क्षम्य मानली, तरी त्यातली माणसे? बादलीभर पाण्यासाठी शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावणारी माणसे कोणी पाहिली आहेत? आपण सुसंस्कृत लोक आहोत. असल्या थापांवर कोणता शहाणा मनुष्य विश्वास ठेवील?

शकूने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्यात मोठी माणसं 'बघू' म्हणत नाहीत, बाबा. संपलंय तर संपलंय म्हणतात. आणि मुलांना कुणी टक्के विचारत नाही. काय करायचं ते विचारतात."

पोळी लाटणाऱ्या पत्नीचे, सुमतीबाईंचे, लाटणे क्षणभर थांबले. साळवींनी मात्र त्यातून एवढेच टिपले, की कन्येने वाक्याची सुरुवात 'आणि'ने केली. त्यांनी निकाल जाहीर केला: रविवारी ते स्वतः वाचनालयात जाऊन तिचे सभासदत्व रद्द करणार. दुसऱ्या भागासाठी शकूचा नंबर याच रविवारी लागायचा होता, आणि ही गोष्ट साळवींना माहीत होती. शकू रडली नाही. उठली, दप्तर घेतले आणि गेली. न रडणाऱ्या मुलांइतका बापाचा अपमान दुसरे कोणी करत नाही, या भावनेने साळवी आणखी पेटले.

त्या पेटत्या अवस्थेतच ते खाली उतरले आणि 'समाधान सहकारी गृहनिर्माण संस्थे'च्या फळ्यासमोर उभे राहिले.

या फळ्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे. तळमजल्यावर जिन्याजवळ एक लांबरुंद काळा फळा होता. त्याच्या डाव्या अर्ध्या भागावर तैलरंगात 'सुविचार' आणि उजव्या अर्ध्या भागावर 'सूचना' असे कायमचे रंगवलेले होते. डावी बाजू साळवींची. संस्था स्थापन झाल्यापासून रोज कामावर जाण्यापूर्वी ते तिथे एक सुविचार लिहीत. उजवी बाजू संस्थेचे सचिव उत्तमराव कांबळे यांची. वार्षिक सभा, गच्चीचे कुलूप, पाण्याच्या वेळा वगैरे. पण उत्तमरावांचे अक्षर म्हणजे पावसात भिजलेली मुंग्यांची रांग. त्यामुळे त्यांच्या सूचनाही बहुधा साळवीच लिहून देत.

त्या सकाळी साळवींनी डावीकडे मथळा लिहिला: 'गद्याचा अधःपात आणि त्याचे परिमार्जन'. खाली कादंबरीतला उतारा उतरवला: 'नदी मेली. नळ मेले. आता फक्त टाकी. जगायचंय? ऊठ. भर. लपव. बोलू नको.' एवढ्याने डावी बाजू भरली. कारण राग आला की साळवींचे अक्षर मोठे होत असे. आता परिमार्जन कुठे करावे? उजवी बाजू रिकामी होती. साळवींनी तिथे तोच आशय सभ्य मराठीत लिहून काढला:

'नगरवासीयांस कळविण्यात येते की, नदी पूर्णतः आटल्यामुळे यापुढे नळास पाणी येण्याची शक्यता उरलेली नाही. ज्यांस जीवित राहावयाचे असेल, त्यांनी उपलब्ध पाणी विनाविलंब भरून सुरक्षित स्थळी ठेवावे; व त्याची वाच्यता करू नये.'

'व'पूर्वीचा तो अर्धविराम त्यांनी दोन पावले मागे सरून न्याहाळला. रात्रभराचा राग त्या एका चिन्हाने शांत झाला. हात झटकून ते नौपाड्याला निघून गेले.

संध्याकाळी डोंबिवलीत परतले, तेव्हा त्यांच्या गल्लीत बादल्यांचा खणखणाट चालला होता. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे लोक प्लास्टिकचे कॅन खेचत होते. काय झाले, असे साळवींनी विचारताच वाणी हात जोडून म्हणाला, "साहेब, नदी आटली. पूर्णतः आटली." तिकडे शहाडला म्हणे लोक नदीच्या पात्रातून चपला घालून पलीकडे चालले आहेत.

वाणी 'मेली' म्हणाला नाही, 'आटली' म्हणाला. बातमी खरी आहे, हे साळवींना तिथेच पटले. अचूक क्रियापद वापरणारा मनुष्य खोटे बोलणार नाही, हा त्यांचा जन्मभराचा सिद्धान्त होता. पाठोपाठ त्यांना राग आला: सरकारचा, महापालिकेचा, नदीचा आणि आपल्या आधी पोहोचलेल्या त्या सर्व गिऱ्हाइकांचा. दुकानात एकच कॅन उरला होता. त्याची एक बाजू साळवींनी धरली, तेव्हा दुसरी बाजू पलीकडच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांच्या हातात होती.

"अहो, ही कॅन मी आधी धरलाय," गृहस्थ म्हणाले.

"'ही कॅन' असेल तर 'धरली' म्हणा, 'हा कॅन' असेल तर 'धरला'. आधी लिंग ठरवा," साळवी म्हणाले.

गृहस्थ खरोखरच विचारात पडले. तेवढ्यात साळवी कॅनसह गल्लीच्या टोकाला पोहोचले होते.

इमारतीच्या आवारात तर रणकंदन माजले होते. उत्तमराव पंपाच्या खोलीतून घामाघूम होऊन बाहेर आले आणि साळवींना पाहताच म्हणाले, की साहेब, तुम्ही वेळेवर सांगितलंत, उपकार झाले. साळवींना वाटले, महापालिकेला आपण वर्षानुवर्षे पाठवलेल्या तक्रारींबद्दल हे बोलत आहेत. "मी तर कधीपासून सांगतो आहे," असे म्हणून त्यांनी तो गौरव स्वीकारला आणि जिना चढले.

सुमतीबाईंनी घरातली यच्चयावत भांडी भरली होती. पातेली, परात, कुकर, मिक्सरचे भांडे, देव्हाऱ्यातली पळी. न्हाणीघरात पिंप नळाखाली होते. बातमी त्यांनाही शेजारणीकडूनच कळली होती. फळा वाचायला खाली जाण्याइतकी उसंत कोणाला होती? तेवढ्यात शिकवणीहून शकू आली. खाली गर्दीत उभी राहून तिने फळा वाचला होता, दोन-तीन मोठ्या माणसांना काही सांगायचाही प्रयत्न केला होता, आणि मध्ये बोलू नकोस, अशी ताकीद घेऊन ती वर आली होती.

"बाबा, तो फळा..."

"फळा राहू दे. बादली धर."

"पण बाबा, फळ्यावर तुम्हीच..."

"शकुंतले, नदी आटली आहे आणि तू फळा घेऊन बसलीस?"

इतक्यात दारावर थाप पडली. साळवींनी आतले दार बोटभर उघडले. बाहेरच्या जाळीच्या दाराची कडी तशीच ठेवली. बाहेर उत्तमरावांच्या आई, केशरबाई, भिंतीला धरून उभ्या होत्या. दुपारपासून उत्तमराव साऱ्या इमारतीसाठी पंप चालवत होते. स्वतःच्या घरात भरायचे राहून गेले होते आणि आता त्यांच्या वरच्या मजल्याचे नळ कोरडे पडले होते.

"साळवी, रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिलीय रे. घोटभर पाणी देतोस?"

"आमच्याकडेही नाही हो, केशरबाई," साळवी म्हणाले.

त्याच वेळी त्यांच्या मागे, न्हाणीघरात, पिंप भरून वाहू लागले. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज जाळीच्या दारातून स्पष्ट बाहेर गेला.  केशरबाईंनी साळवींच्या ओल्या हातांकडे पाहिले.

शकूने तांब्या भरला, बापाच्या काखेखालून हात घालून कडी काढली आणि केशरबाईंचा दंड धरला. जाता जाता ती म्हणाली, "पुस्तकात पण असा एक माणूस आहे, बाबा."

साळवींनी ते प्रकरण वाचले होते. त्या माणसाला पुढे मुले टाकीवरून खाली उतरवतात आणि कोणीही त्याच्याशी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांना भयंकर राग आला. या साऱ्या अनर्थाचा जाब कोणाला तरी विचारलाच पाहिजे, अशा निर्धाराने ते दणादणा खाली उतरले.

खाली वेगळेच संकट उभे होते. तळघरातली टाकी उपसून उपसून रिकामी झाली होती, तरीही लोकांनी उत्तमरावांना पंप बंद करू दिला नव्हता. अखेर मोटर जळून तिचा वास आवारभर पसरला होता. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर तिसऱ्या मजल्यावरचे एक प्राध्यापक क्रिकेटची बॅट घेऊन बसले होते आणि खाली येण्यास नकार देत होते. फळ्यासमोर दाटी झाली होती. वीज होती, पण जिन्यातला दिवा नेहमीप्रमाणे गेलेला. उत्तमराव बॅटरीच्या उजेडात सूचना पुन्हा मोठ्याने वाचून दाखवत होते. साळवी सर्वांच्या मागे, शेवटच्या पायरीवर उभे राहून ऐकू लागले.

"...विनाविलंब भरून सुरक्षित स्थळी ठेवावे; व त्याची वाच्यता करू नये."

साळवींची मान आपोआप डोलली. इतक्या गदारोळातही त्यांच्यातला रसिक जागा झाला. "वा," ते म्हणाले. "निर्दोष वाक्य. काहीही म्हणा, हे लिहिणारा मनुष्य जबाबदार असला पाहिजे."

उत्तमरावांनी बॅटरी त्यांच्या तोंडावर वळवली.

"तेच विचारतोय आम्ही, साहेब. आत्ताच महापालिकेत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, नदीला काहीएक झालेलं नाही. मग जबाबदार कोण?"

गर्दी दुभंगली. बॅटरीचा झोत फळ्यावर गेला. साळवींनी आपले अक्षर ओळखले. आपला अर्धविराम ओळखला. त्यांच्या आयुष्यात एखादे विरामचिन्ह प्रथमच त्यांच्याकडे वटारून पाहत होते.

दुसरा कोणी असता तर हात जोडून मोकळा झाला असता. साळवी वाद घालू लागले. डावीकडे मथळा स्पष्ट आहे, ते म्हणाले. 'परिमार्जन' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा. आधी डावी बाजू, मग उजवी, हा वाचनाचा सर्वमान्य क्रम आहे; तो ज्यांनी पाळला नाही त्यांच्या अज्ञानाचे खापर लेखकावर फोडता येणार नाही.

"डावे अंगाला कोन वाचतो र, परशुरामा?" आवडाबाई भोईर म्हणाल्या. ज्या भातशेतीवर ही इमारत उभी होती ती त्यांच्या सासऱ्यांची, आणि तिच्या मोबदल्यात मिळालेल्या तळमजल्यावरच्या घरात त्या राहत. "इतकी वरसं तू लिवतोस, म्हनून आमी काय बोललो नाय."

साळवींनी आधारासाठी एकेका चेहऱ्याकडे पाहिले. सारेच चेहरे दुसरीकडे पाहू लागले. इतक्या वर्षांचे सुविचार, रंगीत खडूंनी, समासासह! पाण्याच्या घोटाळ्यापेक्षा हा घाव खोल गेला. तरीही त्यांनी शेवटचा बाण काढला. केशरबाईंना घरी सोडून शकू परत येऊन उभी होती, तिच्याकडे वळून ते म्हणाले, "पाहिलेस? तुझ्या लेखकाचे वाक्य डावीकडे दिवसभर उभे होते. एकानेही त्यावर विश्वास ठेवला नाही. माझे म्हणणे सिद्ध झाले."

"हो," शकू म्हणाली. "त्याचं कुणी खरं मानलं नाही. तुमचं मानलं. तुम्हीसुद्धा."

त्यानंतर उत्तमरावांनी जे ऐकवले ते इथे देता येत नाही. त्यात क्रियापदे फार थोडी होती. आईला घोटभर पाणी नाकारल्याचे त्यांना कळले होते. साळवी ऐकत उभे राहिले.  त्या रागात त्यांना एकही चूक काढता आली नाही.

शनिवारी सकाळी इमारतीत खरोखरच पाणी नव्हते. जळालेली मोटर दुरुस्तीला गेली होती, आणि भरून ठेवलेले पाणी लोकांनी रात्री रागाच्या भरात, की आता काय करायचे म्हणून, अंगणात ओतून टाकले होते. उरली ती इमारतीमागची आवडाबाईंची जुनी विहीर. एरवी तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. आज सारी संस्था हंडेकळश्या घेऊन तिथे हजर झाली. प्राध्यापक बॅटशिवाय आले.

आवडाबाईंनी रहाटाच्या दोराचे वेटोळे आपल्या खांद्यावर टाकले आणि सर्वांना एकवार नजरेने निरखले.

"मोठ्यांचे हाती दोर देनार नाय," त्या म्हणाल्या. "सगल्यांना बगलंय मी काल. पोरांना बोलवा."

अशा रीतीने इमारतीतल्या आठवी, नववी आणि दहावीच्या ताब्यात विहीर गेली. दोन मुले रहाटावर राहिली, एक मुलगी रांग पाहू लागली, आणि बादल्या भरण्याच्या जागी शकू उभी राहिली. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना आधी, मग प्रत्येक बिऱ्हाडास सारखे, असा नियम तिने मोठ्याने सांगितला. केशरबाईंची कळशी पहिली भरली गेली. कोणी हुज्जत घातली नाही. कालपर्यंत ज्यांना मध्ये बोलण्याची बंदी होती, त्यांच्यासमोर कचेऱ्यांतले मोठे मोठे साहेब हातात कळशी धरून मुकाट पुढे सरकत होते. साळवींनी एकदा रांग मोडून, आपण मुलीला मदत करायला आलो आहोत असा बहाणा करून पाहिला. रांग पाहणाऱ्या मुलीने त्यांना कोपराला धरून शेवटी नेऊन उभे केले.

उन्हात उभे राहून साळवींचा राग तापत होता. त्यांना उत्तमरावांचा राग आला, मुलांना इतके सामर्थ्य देणाऱ्या आवडाबाईंचा आला, आणि या पोरांचे सारे कसे बिनचूक चालले आहे, याचा तर फारच आला. अखेर त्यांची पाळी आली. त्यांनी बादली पुढे केली. पोहरा हातात घेऊन शकू थांबली.

"आडनाव?" तिने विचारले.

"शकू, मी तुझा..."

"सगळ्यांना विचारतेय, बाबा."

"साळवी," साळवी म्हणाले.

शकूने पोहरा उचलला. पण कलता केला नाही. दोराचे पाणी तिच्या मनगटावरून ठिबकत होते. तिने बापाकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "उद्या रविवार. माझ्या सभासदत्वाचं काय?"

मागे रांग होती. रांगेत उत्तमराव होते. साळवींनी बरेच दीर्घ, संतुलित, दोन्ही बाजूंचा विचार करणारे एक वाक्य मनात जुळवायला घेतले. मग त्यांची नजर पोहऱ्यातल्या पाण्यावर गेली, आणि त्यांच्या तोंडून जन्मात प्रथमच कर्ता नसलेले, कर्म नसलेले, नुसते बोडके क्रियापद बाहेर पडले.

"वाच."

"काय वाचू? कर्म राहिलं, बाबा."

"'टाकीवरचा पहारा'," साळवी दात आवळून म्हणाले. "तिन्ही भाग."

पाणी धो धो बादलीत पडले. साळवींना तेवढ्यात आठवले, की 'तिन्ही भाग' म्हणताना पहिला भाग तिचा वाचून झालेला आहे. तेव्हा 'उर्वरित दोन भाग' हेच अधिक अचूक होईल, असे त्यांनी बोट उंचावून सांगायला सुरुवात केली.

"आरं, बादली उचल आन् चल," आवडाबाई म्हणाल्या. "मागं लोक खोलंबलेत."